चकचकीत बाजू पाण्याकडे

३ फेब्रुवारी

चिंगे,

पाकीट हातात आल्यावर तू अक्षर ओळखशील आणि ते टेबलावर ठेवून आधी हात धुवायला जाशील. लहानपणापासूनची तुझी खोड आहे ही, नको असलेलं काही समोर आलं की हात धुवायचे. धू. पण नंतर वाच. अकरा वर्षांत मी तुला एका ओळीचाही त्रास दिलेला नाही, तेव्हा पानभराचा हक्क शिल्लक असेल असं धरून चालते. आई गेली तेव्हा तू दोन दिवस आलीस, सगळ्यांशी बोललीस आणि मला फक्त "चहात साखर घालू का?" एवढं विचारलंस. मी नको म्हटलं. तेवढंच आपलं बोलणं.

लिहायचं कारण साधं आहे. या महिन्याच्या अखेरीस मी निवृत्त होते आहे. चौतीस वर्षं प्रयोगशाळेत मेणात बुडवलेली कोंबडीची पिल्लं कापली, आता पुरे. तुझे सर तर तू गेल्यावर दोनच वर्षांत निवृत्त झाले, आता विभाग नव्या बाई सांभाळतात. स्वभावानं बऱ्या आहेत, पण उत्साह फार. माझ्यासाठी निरोपसमारंभ ठरवलाय आणि पितळेची पाटी करायला टाकलीय. काल मजकूर दाखवायला आणला. "चौतीस वर्षं, एकही चूक नाही." मी म्हटलं, "बाई, एवढं कशाला?" तर म्हणतात, "अहो, सगळेच म्हणतात. तुमच्या हातचा काप म्हणजे डोळे मिटून घ्यावा." मी हसले. दुपारचा डबा तसाच घरी परत आणला.

दुसरं कारण. इथे एक नवीन विद्यार्थिनी आली आहे. जाड भिंगांचा चष्मा, सतत घसरतो, म्हणून मी तिला चष्मेवाली म्हणते. तिचा विषय तुझाच आहे. परवा ती मला तो समजावून सांगत होती, जणू मी कालच नोकरीला लागले. म्हणाली, "मावशी, बघा हं. अंड्यात दुसऱ्या दिवशी पिल्लाच्या कण्याच्या दोन्ही अंगांना ठोकळे तयार होतात, दर दीड तासाला एक जोडी. त्यातूनच मणके, बरगड्या आणि धडाचे स्नायू. ठोकळ्याच्या आतल्या काठाच्या पेशी पाठीतच राहतात, त्यांचे पाठीचे स्नायू होतात. बाहेरच्या काठाच्या पेशी कुशीतून खाली उतरतात, बरगड्यांमधून पार पोटापर्यंत. उजवीकडच्या उजवीकडे, डावीकडच्या डावीकडे. मधली रेषा कुणी ओलांडत नाही." मी मान डोलावली. मग चष्मा वर ढकलून म्हणाली, "पण तुमच्याच विभागात एकदा कुणीतरी ओलांडलेल्या पाहिल्या होत्या म्हणे. मग ते खोटं निघालं. त्या काचपट्ट्या बघायला मिळतील का?"

मी तिला सांगितलं की त्या काचपट्ट्यांच्या पेटीची किल्ली कुठे गेली कुणास ठाऊक. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

पेटी तुझी आहे. तिला द्यावी की नाही, तुला विचारावंसं वाटलं. दुसरं काही नाही.

ताई


७ फेब्रुवारी

चिंगे,

पहिलं पत्र अजून टाकलेलं नाही. टपालपेटीपर्यंत गेले आणि परत आले. दोनदा.

आज माझी फीत दोन वेळा तुटली. मेणाच्या ठोकळ्यावरून पातं फिरलं की एकेक काप मागच्याला चिकटून लांब फीत निघते, ती ब्रशवर उचलायची आणि कोमट पाण्यावर सोडायची, हे काम मी झोपेतही करीन. आज नाही जमलं. चष्मेवाली शेजारी उभी होती, तिला वाटलं मेण गार असेल. मी तिला काम शिकवते आहे. पहिला नियम सांगितला: खिडकी बंद, पंखा बंद, शिंकायचं असेल तर बाहेर. दुसरा: फितीची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. चकचकीत बाजू पाण्याकडे. उलटी पडली तर पिल्लाचं उजवं डावं होतं आणि डावं उजवं. तिसरा: म्हणूनच कापण्याआधी मेणाच्या ठोकळ्याचा उजवा कोपरा छाटायचा. म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या प्रत्येक कापाला उजवीकडे छाटलेला कोपरा दिसतो. मेण विरघळलं की तो जातो, मग विचारायला कुणी नाही. "म्हणजे ते फक्त तुम्हालाच माहीत असतं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "फक्त मला."

बसवत नाही म्हणून उठून स्वयंपाकघरात जाऊन आले. तिथे काही काम नव्हतं.

तुला आठवण करून देत नाही. मीच स्वतःला क्रमानं सांगून बघते आहे. तू दुसऱ्या दिवसाच्या पिल्लाचा उजवा ठोकळा काढून तिथे लावा पक्ष्याचा ठोकळा बसवायचीस, केसाएवढ्या सुईनं. लाव्याच्या पेशीच्या केंद्रकात गडद ठिपका दिसतो, म्हणून ती कोंबडीच्या पेशींत लपत नाही, कुठवर चालत गेली ते कळतं. चाळीस अंड्यांतली तीन जगली. आठव्या दिवशी ती काढलीस, आतली आतडी-काळीज काढून नुसतं धड मेणात घालून माझ्याकडे दिलंस. दोघांत विशेष काही नाही. तिसऱ्यात मात्र चौदाव्या काचपट्टीपर्यंत ठिपके उजवीकडून मध्यरेषेच्या अगदी जवळ, आणि पंधरा, सोळा, सतरावर एकदम रेषेच्या पलीकडे, डावीकडे. अठरापासून ठिपका एकही नाही. सर खुर्चीतून उठलेच. त्यांना निवृत्तीआधी काहीतरी मोठं हवंच होतं. तू म्हणत होतीस की अजून दहा पिल्लं होऊ देत. त्यांनी एका पिल्लावर शोधनिबंध छापून टाकला, तुझं नाव आधी घालून.

मग परक्या प्रयोगशाळेतून पत्र. त्यांनी साठ पिल्लं केली होती, एकातही नाही. मग चौकशी समिती. समिती म्हणाली, तू दोन्ही बाजूंना लाव्याचे ठोकळे बसवलेस आणि एकच नोंदवलास. म्हणजे लबाडी. शेवटी मला बोलावलं. लांब टेबल, पाण्याचे पाच पेले, तू कोपऱ्यातल्या खुर्चीत. विचारलं, "फीत उलटी लागण्याची काही शक्यता?" मी म्हटलं, "तेवीस वर्षांत एकदाही नाही."

ते खरंच होतं गं. तोवर कधीच झालं नव्हतं.

त्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालीस, "मला काही सांगायचं नाही." मला तो उद्धटपणा वाटला. आदल्या आठवड्यात घरी तू मला जाब विचारलाच होतास, फिती लावताना काही झालं का म्हणून, मी भाजी निवडत असताना. धाकट्या बहिणीनं तेवीस वर्षांच्या हाताला जाब विचारावा? मी म्हटलं, माझ्या हातून असं होत नाही, तुझंच बघ काय ते.

हां, त्या दिवशी खिडकीचा काहीतरी गोंधळ झाला होता. कुणीतरी ती उघडी टाकली होती. पण मी सगळं व्यवस्थित लावलं होतं.

हेही पत्र उद्या टाकीन.

ताई


११ फेब्रुवारी

नाही टाकलं.

बाईंनी आज स्वतः विचारलं, त्या पेटीचं काय झालं. चष्मेवाली माझ्या मागंच उभी, चष्मा वर ढकलत. किती वेळ "शोधते" म्हणणार? चौतीस वर्षं जिला विभागातली सुई न सुई माहीत, तिला एक पेटी सापडत नाही? मी म्हटलं, "उद्या देते." सगळे जेवायला गेल्यावर पेटी उघडली. धूळ झटकली, काचपट्ट्या पुसल्या. द्यायच्या तर स्वच्छ द्याव्यात, एवढाच विचार होता.

पंधरावी पुसताना हात थांबला. कापांना सुरकुत्या होत्या. बारीक, पण होत्या. चिंगे, माझ्या कापांना सुरकुत्या पडत नाहीत. मंद बाजू पाण्यावर पडली की काप नीट पसरत नाही.

मग मी एक गोष्ट केली जी आजवर कधी केली नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली मी फक्त काप फाटला का, रंग चढला का एवढंच बघायचे. आत काय आहे ते बघणं तुम्हा लोकांचं काम. आज मी चौदावी ठेवली, शेवटचा काप. मग पंधरावी, पहिला काप. पुन्हा चौदावी. पुन्हा पंधरावी. ठिपके बघितलेच नाहीत, ते सगळ्यांनी बघून झालेत. मी बरगड्या बघितल्या.

पिल्लू मेणात किंचित तिरकं बसलं होतं. त्यामुळे चौदाव्या पट्टीपर्यंत प्रत्येक कापात उजवी बरगडी जाड गोल आहे आणि डावी जेमतेम सुरू होतेय. पंधराव्यावर डावी जाड आणि उजवी जेमतेम. या दोन कापांत अंतर किती? केसाच्या जाडीचा दहावा भाग. तेवढ्यात बरगडी कूस बदलत नाही. अठरावर पुन्हा उजवी जाड.

तीन काचपट्ट्या उलट्या आहेत. तुझ्या पेशींनी रेषा ओलांडलीच नव्हती. त्या उजव्या कुशीतून निमूट उतरल्या होत्या, बाकीच्या सगळ्या पिल्लांत उतरतात तशा. त्या पलीकडे गेल्या माझ्या ब्रशवरून.

झालं असं होतं. वाऱ्यानं फितीचे तीन तुकडे ब्रशवरून उडाले आणि मेजावर पडले. मी उचलून लावले. मला वाटलं सरळ लावले. खरंच वाटलं. खिडकी कुणी उघडली ते आठवत नाही.

पेटी पुन्हा बंद केली आहे. तीन पेले पाणी प्याले.


१२ फेब्रुवारी, सकाळ

पेटीच्या तळाशी तुझी वही होती.

काल मी ती बघितलीच नव्हती, काचपट्ट्यांच्या ट्रेखाली होती. आज ट्रे उचलला. शेवटच्या लिहिलेल्या पानावर दोन चित्रं आहेत, शिसपेन्सिलीनं, तुझ्या त्या नेटक्या हाताची. डावीकडे चौदावीचा शेवटचा काप, उजवीकडे पंधरावीचा पहिला. बरगड्यांवर बाण. खाली तारीख, समितीच्या पाच दिवस आधीची. आणि एक ओळ:

"१५ ते १७ उलट्या. ताईला विचारते."

पुढची सगळी पानं कोरी आहेत.

मला आता लिहिता येत नाही.


१६ फेब्रुवारी

चिंगे,

चार दिवस मी घरभर फिरते आहे. फडताळ आवरलं, मग पुन्हा विस्कटून आवरलं. कामावर दोन दिवस गेले नाही, चौतीस वर्षांत पहिल्यांदा कारण न देता. बाईंचा फोन आला, मी म्हटलं अंग मोडून आलंय. ते खोटं नव्हतं.

तुला माहीत होतं.

तू त्या दिवशी जाब विचारला नव्हतास. मी सात तारखेच्या पत्रात तसं लिहिलंय, ते खोडत नाही, तसंच राहू दे. पण शब्द मला आठवतात, अकरा वर्षं आठवतायत. मी भाजी निवडत होते, तू मोरीशी हात धूत होतीस. हात धूतच म्हणालीस, "ताई, त्या तिसऱ्या पिल्लाच्या फिती लावताना काही झालं होतं का? झालं असेल तर सांग, मी घेते सांभाळून." याला जाब म्हणत नाहीत. तुझ्याकडे चित्र होतं, तारीख होती, बरगडी होती. तुला माझ्याकडून काही कळून घ्यायचं नव्हतंच. मी सांगते का, तेवढंच तुला बघायचं होतं.

आणि समितीत, मी "एकदाही नाही" म्हटल्यावर, ते चित्र टेबलावर ठेवायला तुला दोन मिनिटं लागली असती. तू निर्दोष सुटली असतीस आणि मी त्याच दिवशी घरी गेले असते. आईचं आजारपण तेव्हा सुरू झालेलं, घर माझ्या नोकरीवर चाललेलं. तू म्हणालीस, मला काही सांगायचं नाही. आणि लबाड म्हणून निघून गेलीस, शाळेत पोरांना शिकवायला. अकरा वर्षं मी लोकांना सांगत आले की धाकटीला अपयश पचलं नाही, म्हणून ती बोलत नाही. नातेवाइकांत मी बिचारी. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या याच.

आता खिडकीचं.

खिडकी मी उघडली.

त्या दिवशी सकाळी आपलं वाजलं होतं. तुला कदाचित आठवतही नसेल. मी मागच्या पिल्लाचे काप तुला दाखवत होते, बघ कसे सरळ आलेत, एकही सुरकुती नाही. तुला घाई होती. तू म्हणालीस, "ताई, तू नुसती कापतेस, बघत कुठे असतेस? आत काय आहे ते बघितलंस का कधी?" तू सहज बोललीस. मला ते कुठल्या कुठे जाऊन लागलं. तू सात वर्षांची असताना मी कॉलेज सोडून हे पातं हातात घेतलं होतं. तुला कडेवर घेऊन वाढवलं, तुझ्या वह्यांना कव्हरं घातली, तुला या विभागात मीच आणलं, आणि तू सरांच्या टेबलापलीकडे बसून मला सांगणार की मी बघत नाही. कानशिलं तापली. मेण कापायच्या खोलीत गेले, कोंदट वाटलं आणि खाडकन खिडकी उघडली. मी. जिनं तेवीस वर्षं त्या खिडकीपाशी कुणाला जाऊ दिलं नव्हतं.

तुकडे उडाले. तिसऱ्या पिल्लाचे, चाळिसांतून वाचलेल्या तिघांतल्या एकाचे. उचलले तेव्हा कुठली बाजू वर ते मला माहीत नव्हतं. पाण्यावर सोडल्यावर छाटलेला कोपरा बघायचा होता, एक नजर टाकायची होती. मी मान फिरवली. मनात काय आलं ते शब्दाला शब्द सांगते: एवढी बघणारी आहे ना, मग बघू दे की हिलाच.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. स्वतःलाही अर्धंच सांगितलं होतं. रात गयी बात गयी म्हणून सोडून दिलं, आणि मग तेच ठिपके पलीकडे दिसले. सर नाचायला लागले, तू हसत होतीस. तुझ्या हसण्यात कोण मीठ कालवणार? मग उशीर झाला. मग आणखी उशीर झाला. नंतर तर ते खरं होतं की काय असं मलाच वाटायला लागलं.

मला तुझा हेवा वाटत होता गं. लेकीसारखी वाढवलेली बहीण, आणि तिचा हेवा. हे लिहिताना लाज वाटते आहे आणि हलकंही वाटतं आहे, दोन्ही एकदम.


२१ फेब्रुवारी

चिंगे,

बाईंना सांगितलं.

सकाळी दोन्ही काचपट्ट्या आणि तुझी वही घेऊन त्यांच्या खोलीत गेले. त्या पाटीवाल्याशी फोनवर बोलत होत्या. मी म्हटलं, "बाई, आधी हे बघा. ठिपके बघू नका, बरगड्या बघा." त्यांनी बघितलं. चौदावी, पंधरावी, पुन्हा चौदावी. माझ्यासारखंच. बराच वेळ डोळा लावून होत्या. मग वही बघितली. ती ओळ वाचून त्यांनी वही हळूच मिटली.

"तुम्ही काही न बोलता आठ दिवसांनी निवृत्त झाला असतात," त्या म्हणाल्या. "कुणालाही कळलं नसतं."

"हो."

"मग?"

"ते पितळेवर कोरणार होतात ना तुम्ही."

त्या हसल्या नाहीत. मी खिडकीपासून सगळं सांगितलं, मान फिरवलेलीसुद्धा. त्यावर त्या म्हणाल्या की हे मला लेखी द्यावं लागेल, सहीनिशी, आणि त्यावर संस्था माझं काय करेल ते त्यांना सांगता येणार नाही. मी म्हटलं, कागद द्या. तिथेच बसून लिहिलं. दीड पान झालं. एकही शब्द खोडावा लागला नाही, याचं मला नवल वाटलं.

बाहेर आले तर चष्मेवाली उभी. भिंतींना कान असतात, इथे तर चष्माही आहे. म्हणाली, "म्हणजे मावशी, त्यांनी जे छापलं ते चूकच होतं. पण त्या खोटं बोलल्या नव्हत्या."

"नाही. खोटं मी बोलले."

तिनं मान खाली घातली. मला वाटलं आता ही माझ्याकडे शिकायला येणार नाही. दुपारी आली. तिनं फीत पाण्यावर सोडली, वाकून प्रत्येक कापाचा छाटलेला कोपरा बघितला, बोट धरून मोजल्यासारखा, आणि मगच काचपट्टी खाली सरकवली.

तुला कळवायचं ते हे. समितीचा निर्णय बदलण्यासाठी बाईंनी अर्ज केला आहे. जिथे ते छापलं होतं तिथेही पत्र जाईल, की फिती उलट्या लागल्या होत्या, लावणारीनं कबूल केलं आहे आणि संशोधक विद्यार्थिनीनं ती चूक तेव्हाच स्वतः ओळखली होती. तुझ्या वहीतलं पान पुरावा म्हणून जोडणार आहेत. बाईंनी विचारलं, तुझी हरकत असेल का. मी म्हटलं, तिच्या वतीनं बोलायचा हक्क मला नाही, तुम्ही तिलाच विचारा. पत्ता दिला आहे.

समारंभ रद्द झाला. मीच नको म्हटलं, आणि त्यांनी फार आग्रह केला नाही. पाटी कोरून झाली होती म्हणे. पितळ आहे, वितळवता येतं.


२७ फेब्रुवारी

चिंगे,

उद्या माझा शेवटचा दिवस. चौकशी मी घरी बसल्यावर चालेल असं बाई म्हणाल्या. चालू दे.

ही सगळी पत्रं एका पाकिटात घालून पाठवते आहे, तारखेच्या क्रमानं. पहिल्या दोनात मी काय काय लपवलंय ते तुला लगेच दिसेल. पुन्हा स्वच्छ लिहून काढावीत असं वाटलं होतं. मग वाटलं, फीत तुटली तर तुकडा तसाच लावायचा आणि नोंदवहीत "तुटली" असं लिहायचं, हे चष्मेवालीला शिकवणारी मीच ना.

तू ये असं म्हणत नाही. क्षमा कर असंही म्हणत नाही, तो शब्द माझ्या तोंडी शोभायला वेळ लागेल. तू माझी नोकरी वाचवलीस म्हणून शाळेतल्या पोरांना तू मिळालीस, ती नशीबवान आहेत, पण ते तुझ्या मनानं झालेलं नाही हे मला माहीत आहे. अकरा वर्षं मी परत करू शकत नाही. उजवीकडच्या डावीकडे गेलेल्या तीन काचपट्ट्या तेवढ्या जागेवर आणता आल्या.

एक गोष्ट मात्र केली आहे, ती तुला वही बघताना दिसेल, म्हणून आधीच सांगते. संशोधकाच्या वहीला कापणाऱ्यानं हात लावायचा नाही, तिची नोंद वेगळी, आमची वेगळी, हा विभागाचा नियम तुला ठाऊक आहे. चौतीस वर्षं मी तो पाळला. काल पान जोडायला देण्याआधी मोडला. बाईंना विचारून, त्यांच्यासमोर. तुझ्या "ताईला विचारते" या ओळीखाली मी माझ्या अक्षरात लिहिलं:

"विचारलं होतं. ताई खोटं बोलली. फिती उलट्याच होत्या."

आणि खाली सही केली. अकरा वर्षांपूर्वीची तारीख घालावीशी फार वाटली. पण कालचीच घातली.

ताई